पांढऱ्याला पिवळा

नमुना हातात न घेता मालाची प्रत सांगणं, याला आमच्या धंद्यात लबाडी म्हणतात. म्हणून सुनेनं पहिल्यांदा सांगितलं की ताऱ्यांपाशी कुणी गेलेलं नाही, जाणारही नाही, तरी हजारो ताऱ्यांचा रंग, ताप, वजन, आकार सगळं लिहून ठेवलेलं आहे, तेव्हा मी म्हणालो, "मग ते लिहिलेलं फाडून टाका." ती हसली. मी हसलो नव्हतो.

मी सेलूत कापसाचा ग्रेडर होतो. जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकावर उभं राहायचं, आलेल्या गाडीत कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस काढायचा, कारण वरचा सगळ्यांचाच चांगला असतो. उन्हाकडे पाठ करून रंग बघायचा, बोटांनी ओढून धागा किती निघतो ते बघायचं आणि मोठ्यानं सांगायचं, एक नंबर, दोन नंबर, नाहीतर कवडी. कवडी म्हणजे किडका, डागाळलेला माल. माझ्या तोंडातून शब्द पडला की मुनीम लिहून घ्यायचा आणि गाडी पुढं सरकायची. वय झालं तरी हंगामात जिनिंगचा मालक घरी येऊन बोलावून न्यायचा, कारण सेलू म्हणा, जिंतूर म्हणा, परभणीचा मोंढाबाजार म्हणा, माझ्या नजरेवर कुणी वाद घालत नव्हतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाईच आहे खरं तर, पण खोटी नाही. त्या नजरेचं पुढं काय झालं ते सांगायचं आहे. ते मला ना डॉक्टरनं सांगितलं ना मालकानं. चांदण्यांनी सांगितलं, हसावं की रडावं ते तुम्ही ठरवा.

सून परभणीला कॉलेजात फिजिक्स शिकवते. सकाळच्या गाडीनं जाते, दिवस मावळायच्या आत येते. मुलगा पुण्याला, महिन्यातून दोनदा उगवतो. घरात आम्ही दोघंच, आणि आमच्याकडे सून सासऱ्याला मामा म्हणते, तशी तीही म्हणते. तिला एक खूळ आहे. काही ताऱ्यांचा उजेड कमीजास्त होत राहतो. तो रोज डोळ्यांनी बघायचा, आकडा लिहायचा आणि पाठवून द्यायचा. असे लिहिणारे जगभर आहेत म्हणे, आणि सगळ्यांचे आकडे एकत्र केले की ताऱ्याची नाडी सापडते. संध्याकाळी स्वयंपाक उरकला की ही बाई वही घेऊन गच्चीवर. लाईट गेली की सगळ्या सेलूच्या कपाळाला आठ्या आणि हिच्या तोंडावर आनंद. शेजारच्यांना वाटायचं की सासरा-सून भांडले, म्हणून ही वर जाऊन बसायली.

त्या हिवाळ्यात ती मला म्हणाली, "मामा, मला दुसरा डोळा पाहिजे. एकट्याच्या अंदाजात खोट राहते. कॉलेजातल्या पोरापोरींना दोन दिवस हौस असते, तिसऱ्या दिवशी मोबाईल. तुमची नजर तयार आहे. तुमी या ना वर."

तयार नजर म्हणाली, म्हणून मी गेलो. तारीफ कुणाला आवडत नाही!

वर गेल्यावर कळलं की काम आपल्याच जातीचं आहे. आमच्याकडे सरकारी नमुन्यांचा एक डबा असायचा. प्रत्येक प्रतीचा एकेक चौकोन कापूस त्यात बसवलेला. शंका आली की आलेला माल त्या चौकोनांशेजारी धरायचा, कोणत्या दोघांच्या मध्ये बसतो ते बघायचं. ताऱ्यांचंही तसंच. ज्यांचा उजेड बदलत नाही असे तारे ठरलेले आहेत, त्यांचे आकडे पुस्तकात छापलेले आहेत. बदलणारा तारा त्यांतल्या दोघांच्या मध्ये कुठं बसतो ते बघायचं. आमचा माल मृगातला लाल तारा, काक्षी. त्याच्या एका बाजूला रोहिणी, दुसऱ्या बाजूला प्रश्वा. मी अंदाज आण्यांत सांगायचो, कारण पांढरेपणा आम्ही आण्यांतच सांगतो, बारा आणे पांढरा, चौदा आणे पांढरा. "रोहिणीपासून निघाला, प्रश्वाकडे सहा आणे गेला," असं मी म्हणायचो आणि ती खाली बसून त्याचा दशांश करायची. मला म्हणाली, "मामा, माझ्या पोरांना हे शिकवायला महिना लागतो."

एक गोष्ट तर मला त्यांच्यापेक्षा लवकर कळली. ताऱ्यांच्या उजेडाचे आकडे उलटे असतात. एक नंबरचा तारा ठळक, दोन नंबरचा त्याहून मंद, सहा नंबरचा जेमतेम दिसेल न दिसेल. फारच ठळक असला तर शून्य, आणि व्याध तर शून्याच्याही खाली. तिची पोरं म्हणे दरवर्षी यात चुकतात, मोठा आकडा बघून मोठा तारा समजतात. मला काय अडचण! एक नंबर म्हणजे चांगला, दोन नंबर म्हणजे हलका, हे मी जन्मभर ओरडून सांगितलेलं.

बाकीचं मात्र सहज पचलं नाही. मी तिला म्हणालो, "ठळक दिसला म्हणजे मोठा कशावरून? फाटकावरचा बल्ब ठळकच दिसतो." ती म्हणाली, बरोबर, म्हणून आधी अंतर पाहिजे. मग तिनं मला अंगठा समोर धरायला लावला, एकदा हा डोळा मिटायला लावला, एकदा तो. अंगठा जागचा हलल्यासारखा दिसतो. पृथ्वी सूर्याच्या या अंगाला असताना तारा बघायचा, सहा महिन्यांनी त्या अंगाला गेल्यावर परत बघायचा. जितका जास्त सरकला तितका जवळ. फार लांबचे सरकतच नाहीत, त्यांना वेगळ्या युक्त्या. अंतर कळलं की खरा उजेड कळतो, खरा उजेड आणि ताप कळला की आकार कळतो. जोडीनं फिरणारे तारे असतील तर एकमेकांभोवती किती दिवसांत फिरतात त्यावरून वजन. "आणि नमुना?" मी विचारलं. "नमुना येतोय की रोज," ती म्हणाली, "उजेडच नमुना."

दुसऱ्या दिवशी तिनं एक जुनी सीडी ट्यूबलाईटखाली तिरकी धरून रंगांचे पट्टे दाखवले. ताऱ्याचा उजेड असाच पसरवला की पट्ट्यात मध्येमध्ये काळ्या बारीक रेघा दिसतात. कोणत्या रेघा आहेत, किती जाड आहेत, त्यावरून ताऱ्याचा वर्ग ठरतो. वर्ग सात. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. मी म्हणालो, ही काय बाराखडी आहे का? कुण्या दारुड्यानं मांडली? तर म्हणे आधी क्रमानंच लावलेली होती, नंतर कळलं की क्रम तापावरून लावायला पाहिजे, मग अक्षरं उचलून इकडची तिकडं केली, काही काढून टाकली, पण नावं तीच ठेवली. हे मात्र मला पटलं. आमच्या गोदामातही थप्प्यांचे नंबर असेच आहेत, सात नंबर तीनच्या शेजारी, आणि कुणी बदलू म्हटलं तर हमाल अंगावर येतात.

त्यातला ओ आणि बी म्हणजे निळे, सगळ्यात तापलेले. ए पांढरा. आपला सूर्य जी, पिवळ्यात जमा. के नारिंगी, एम लाल, हे सगळ्यात थंड. मी म्हणालो, लाल थंड? चुलीतला निखारा हातात घे एकदा. पण ती ऐकणारी नाही. लोहाराला विचारा म्हणाली, लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. लोहाराचं नाव काढल्यावर मी विषय बदलला. माझं आजोळ लोहारआळीच्या शेजारचं, मला ते माहीत होतं, नुसतं कबूल करायचं नव्हतं.

आणि मग तिनं ती गोष्ट सांगितली जिच्यामुळं हे सगळं झालं. रंग नुसता बघून सांगितला तर माणसागणिक बदलतो. म्हणून तारा एकदा निळ्या काचेतून मोजायचा, एकदा पिवळ्या काचेतून. दोन्ही आकड्यांची वजाबाकी करायची. निळा तारा निळ्या काचेतून ठळक येतो, लाल तारा पिवळ्या काचेतून. जी वजाबाकी निघते तोच ताऱ्याच्या रंगाचा आकडा. भांडण नाही, वाद नाही. मला ही पद्धत फार आवडली. मी म्हणालो, आमच्या फाटकावर हे असतं तर मी घरी बसलो असतो.

आमचं असं महिनाभर चाललं. मग माझ्या लक्षात यायला लागलं की ती माझे आकडे लिहून घेते, पण पाठवते फक्त स्वतःचे. विचारलं तर म्हणाली, "तुमचा काक्षी लय ठळक यायलाय मामा. राजन्याच्या वर." राजन्य म्हणजे मृगाच्या पायापाशी आहे तो निळा तारा. मी म्हणालो, आहेच वर. तिला तर राजन्य चांगला चार आणे ठळक दिसत होता. मी म्हणालो, तुझा चष्मा तपास.

त्यानंतर तिनं मला बारा तारे नेमून दिले, सगळे ठरलेले, न बदलणारे. रोज चारपाच. मला वाटलं, परीक्षा घ्यायली का काय. घेऊ दे. मी डोळ्यात तेल घालून अंदाज दिले. रंगही विचारायची. रोहिणी? नारिंगी. ब्रह्महृदय? पिवळा. व्याध? मी म्हणालो, पांढरा, पण सायीकडे झुकलेला. राजन्य? तोही तसाच, सायीच्या रंगाचा. ती लिहून घ्यायची आणि मान वर करायची नाही. एरवी वटवट करणारी बाई अशी गप्प झाली की काहीतरी शिजतंय हे कळतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी तिनं माझ्यासमोर कागद ठेवला. चहा आधी दिला, कागद नंतर, यावरूनच मला समजायला पाहिजे होतं. कागदावर बारा ठिपके होते. आडव्या रेघेवर ताऱ्यांचे रंग, डावीकडे निळे, उजवीकडे लाल. उभ्या रेघेवर माझा आकडा आणि पुस्तकातला आकडा यांच्यातला फरक. उजवीकडचे लाल तारे बरोबर शून्यावर बसलेले. तिथून डावीकडं जावं तसा फरक चढत गेलेला. पांढऱ्यांत थोडा, निळ्यांत भरपूर. ठिपक्यांवरून फूटपट्टी ठेवावी इतके सरळ.

"मामा, तुमचा अंदाज चुकत नाही," ती म्हणाली. "चुकला असता तर ठिपके इकडंतिकडं पडले असते. तुमी एकदम शिस्तीत बघायलात. पण पिवळ्या काचेतून बघायलात."

"कसली काच?" मी म्हणालो.

तिनं स्वतःच्या डोळ्याकडे बोट केलं.

मी काय बोललो ते सगळं इथं लिहीत नाही. तिला तोंड वर करून बोलू नको म्हणालो, ती तर खाली बघून बोलत होती. पस्तीस वर्षांच्या नजरेवर कालची पोर बोट ठेवते म्हणालो. कागद चुरगळला. चहा तसाच टाकून बाहेर पडलो, ते थेट स्टेशनापर्यंत चालत गेलो, आणि तिथं बाकावर बसून नांदेडकडं जाणारी एक गाडी आणि मनमाडकडं जाणारी एक गाडी बघितली.

राग कशाचा आला ते खरं सांगतो. सुनेचा नाही आला. तो कागद बघितल्याबरोबर मला एक बाई आठवली.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. जिंतूरकडच्या एका गावाची बाई, नवरा ऊसतोडीला गेलेला, ती स्वतःच छोट्या टेम्पोत कापूस घेऊन आलेली. मी हात घातला, काढला, बघितला. धागा लांब, कचरा नावाला नाही. रंग बघितला आणि म्हणालो, दोन नंबर, पिवळट आहे. ती खाली उतरली. "सायेब, नीट बघा की वो. पहिल्या वेचणीचा हाय. दव वाळल्यावर वेचलाय, एक बी पान लागू दिलं न्हाई. पांढराधोप हाय." फाटकावर रांग होती, लोक बघत होते. मी म्हणालो, "बाई, तुझं वय आहे तितकी वर्षं मी कापूस बघायलोय." लोक हसले. मग मी तिला आणि सगळ्या रांगेला भाषणही दिलं, की आता पूर्वीसारखा पांढरा माल येतच नाही, बियाणं बिघडलं, फवारण्या वाढल्या, जमिनीत कस राहिला नाही. हे भाषण मी त्या वर्षी रोज देत होतो. त्याच्या पुढच्या वर्षीही दिलं. दोन वर्षं मला एकही गाडी मनासारखी पांढरी दिसली नव्हती, आणि त्याचा दोष मी बियाण्यापासून जमिनीपर्यंत सगळ्यांना दिला होता.

नमुन्यांचा डबा? तो मालकाच्या कपाटात होता. त्यातला कापूसही पडून पडून पिवळा होतो, म्हणून तो बदलत राहावा लागतो. आम्ही तो बदलणं सोडलं, मग उघडणंही सोडलं. मला डबा कशाला लागतो, असं मीच मालकाला म्हणालो होतो. रंग माझ्या डोक्यात बसलेला होता, आणि तो मात्र पांढराच्या पांढरा होता. डोक्यातल्या पांढऱ्याशी डोळ्यातला पिवळा ताडून बघत होतो मी, भर दुपारी, मोठ्यानं ओरडून.

चार दिवस मी सुनेशी बोललो नाही. पाचव्या दिवशी जेवणाआधी एकटाच गच्चीवर गेलो. डावा डोळा झाकून राजन्य बघितला, मग उजवा झाकून बघितला. दोन वेगळे तारे. डाव्या डोळ्यानं जरा तरी पांढरा, उजव्यानं हळदीच्या हातानं पुसल्यासारखा. असं दहा वेळा केलं. इतकी वर्षं दोन्ही डोळे उघडे ठेवून बघत होतो, एकेकाला वेगळं विचारलंच नव्हतं. पायरीवर चाहूल लागली, सून उभी होती. "तो कागद नवा काढून आण," मी म्हणालो, "डॉक्टरला दाखवू." ती रडली. मला ते आवडलं नाही, मी तिला तसं सांगितलं.

परभणीच्या डॉक्टरनं कागदाकडं बघितलंही नाही. डोळ्यात दिवा मारला आणि म्हणाला, काका, मोतीबिंदू पिकलाय की, दोनतीन वर्षं तरी झाली असतील, दिसत कसं होतं तुम्हाला? मी म्हणालो, शिस्तीत. सून हसली. हळूहळू चढतो, म्हणाला तो, रोज इतका थोडा की माणसाला कळत नाही. आधी उजवा केला. विसेक मिनिटांचं काम.

पट्टी निघाली तेव्हा समोर दवाखान्याची भिंत होती. मी दोन्ही डोळे आलटून पालटून मिटले. उजव्यानं भिंत अशी पांढरी की थोडी निळीच. डाव्यानं तीच भिंत जुन्या वर्तमानपत्रासारखी. माझं धोतर बघितलं, चादर बघितली, नर्सचा कोट बघितला. जगात इतका निळा रंग असतो हे मी विसरून गेलो होतो. खरं सांगतो, मला आनंद झाला, पोरासारखा झाला. तो तासभर टिकला. आता शंकेला जागा उरली नव्हती. भिंत पांढरी होती. त्या बाईचा कापूसही पांढरा होता.

दुसरा डोळा झाल्यावर मी मालकाकडे गेलो. हंगाम संपला होता, फाटकाला कुलूप. मी त्याला सरळ सांगितलं, गेल्या दोन हंगामांत मी पांढऱ्याला पिवळा म्हणालो, किती गाड्यांना म्हणालो ते मला माहीत नाही. तो जरा वेळ मोबाईल बघत बसला. मग म्हणाला, "काका, आमाला ठाऊक होतं. मुनीम पहिल्याच वर्षी बोलला, काका आता पिवळं बघायलेत म्हणून."

"मग मला कामून नाही सांगितलं?"

"तुमाला वाईट वाटलं असतं," तो म्हणाला आणि चहा मागवला.

चहा मी प्यायलो नाही. वाईट वाटलं असतं हे खरं, आणि माझ्या वाईट वाटण्याची त्याला इतकी काळजी का होती तेही मला कळत होतं, एक नंबरचा माल त्याला दोन नंबरच्या भावात मिळत होता. पण त्याला काय बोलणार! त्यानं नमुन्यांचा डबा उघडा म्हटलं असतं तर मीच त्याच्या अंगावर गेलो असतो. मी म्हणालो, यंदा मी येणार नाही. तो म्हणाला, बघू की, अजून लय दिवस हायत.

मे महिन्यात मी एसटीनं जिंतूरला गेलो, तिथून रिक्षानं त्या गावाला. सून सोबत येते म्हणाली, मी नको म्हणालो. नाव माहीत नव्हतं, फक्त ऊसतोडीवाल्याची बायको, टेम्पोत एकटी कापूस घेऊन येणारी, एवढं विचारत गेलो. गावात अशा एकीपेक्षा जास्त होत्या. तिसऱ्या दारात सापडली. अंगणात शेंगा फोडत बसली होती. मला बघून उठली, पदर डोक्यावर घेतला. "आता गं बाई, सायेब तुमी?" ओळखलं तिनं. तिनं विसरावं असं मी काय केलं होतं!

बाज टाकली, पाणी दिलं. मी बसलो नाही, उभ्यानंच सांगून टाकलं. दोन वर्षांपूर्वी तुझा कापूस मी पिवळट म्हणालो. तो पांढरा होता. पिवळा माझ्या डोळ्यात होता. डॉक्टरनं काढला. चूक माझी होती, चार लोकांत बोललो होतो म्हणून तुझ्या दारात येऊन सांगायलोय. एसटीत बसून हे सगळं मी नीट जुळवलं होतं, पण बोलताना भराभर निघून गेलं.

तिनं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ती म्हणेल की मी तवाच सांगितलं होतं. शिव्या दिल्या असत्या तरी ऐकून घेणार होतो, त्याचसाठी गेलो होतो.

"अवो, मला बी आधी पांढराच दिसायचा," ती म्हणाली. "पर तुमी पिवळा म्हणलात. घरी वातीसाठी मूठभर ठेवला होता, तो दारात उजेडात नेऊन बघितला. तर मला बी पिवळाच दिसायलाय. रोज बघितला, रोज पिवळाच. म्हणलं, आपल्यालाच कळत न्हाई, सायेबाला कळलं. आमच्या घरधन्याला बी दाखवला, तो बी म्हणला व्हय, पिवळाच हाय. मग आमी कापूस लावायचाच सोडला. गेल्या साली सोयाबीन केलं, यंदा बी तेच पेरणार."

मी म्हणालो, "अगं, पांढरा होता तो."

"व्हय?" तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, अगदी विश्वासानं. "मंग यंदा कापूस लावू का? तुमी सांगा."

"बाई, मला नको विचारू," मी म्हणालो.

ती हसली. तिला वाटलं, मी मोठेपणा करायलोय.

"मंग कुणाला इचारू?" ती म्हणाली.